ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबातील मुलांना योजनांचा लाभ कसा टिकवून द्यावा?

शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरील जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेने विचारले आहे: पाड्यावरील एक जोडपे दिवाळीनंतर बारडोली भागात ऊसतोडीला जाणार आहे. थोरली मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत शिकते. धाकटा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि अंगणवाडीत त्याचा दंडघेर पिवळ्या पट्ट्यात आला आहे. आई पाच महिन्यांची गरोदर आहे. मुलीला सांभाळायला आजी तयार आहे. परंतु मुलीला ठेवले तर घरात धान्य कोठून येणार आणि नेले तर शाळेतून नाव कमी होईल का, या पेचात घर अडकले आहे. अशा मुलांना सरकारी योजनांतून नेमके काय मिळू शकते आणि आधी काय करावे?

ताई, मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत नंदुरबार जिल्ह्यात पर्यवेक्षिका म्हणून दीर्घकाळ काम केले. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधी सांगते. या तिन्ही जिवांसाठी लागणाऱ्या बहुतेक सोयी महाराष्ट्रातही आहेत आणि गुजरातेतही आहेत. लाभ तुटतो तो मधल्या प्रवासात, कारण नोंद गावाच्या नावावर राहते आणि मूल आईबापांबरोबर निघून जाते. म्हणून तुमच्या हातात जे काम आहे, ते कुटुंब निघण्याआधीच्या पंधरा दिवसांत करायचे आहे. गाडी निघून गेल्यावर फोनवरून फारसे काही साधत नाही.

या कुटुंबाला ‘जाऊ नका’ असे सांगण्यात अर्थ नाही. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, ती बी-बियाण्यात, दवाखान्यात किंवा एखाद्या लग्नात संपलेलीही असते आणि ती फेडल्याखेरीज सुटका नसते. तेव्हा जाणे गृहीत धरूनच बोलावे. असे बोलले की घरातली माणसेही मोकळेपणाने ऐकतात. नाहीतर मॅडम आल्या की बाई कामाचे निमित्त काढून बाहेर जाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

सर्वांत आधी धाकट्या मुलाकडे लक्ष द्या, कारण धोका त्यालाच सर्वाधिक आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित असते; साडेअकरा ते साडेबारा या दरम्यान पिवळी, म्हणजे मध्यम कुपोषित. ‘पिवळ्यात आहे’ एवढी माहिती मात्र पुरेशी नाही. १२.४ असलेले मूल आणि ११.६ असलेले मूल दोन्ही पिवळ्यातच दिसतात, पण दुसऱ्याला हगवणीचा एक आठवडा लाल पट्ट्यात ढकलतो. म्हणून सेविकाताईंना मोजणी पुन्हा करायला सांगा आणि शक्य तर त्या वेळी स्वतः जवळ थांबा. डावा हात कोपरात वाकवून खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मधोमध खूण करावी, मग हात सरळ खाली सोडावा आणि त्या खुणेवर पट्टी अशी टेकवावी की कातडी दबणार नाही आणि फटही राहणार नाही. मूल रडत आईला बिलगलेले असते, हात आखडून घेते, आणि घाईत पट्टी वर-खाली सरकली की दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. त्याच वेळी वजन आणि उंची घेऊन उंचीच्या मानाने वजन किती आहे तेही पाहावे, कारण काही मुले दंडघेरात सुटतात आणि उंची-वजनात सापडतात. दोन्ही पावलांवर अंगठा काही सेकंद दाबून खळगा राहतो का तेही पाहावे. दोन्ही पायांवर सूज असेल तर आकडे काहीही असोत, मूल तीव्र कुपोषितच समजायचे.

फेरमोजणीत मूल लाल पट्ट्यात आले, पायांवर सूज दिसली किंवा त्याची भूकच गेली असेल, तर त्याने या अवस्थेत प्रवास करू नये. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागेल. तेथे साधारण चौदा दिवस राहावे लागते, आईला बरोबर राहता येते, जेवण मिळते आणि आदिवासी भागात तिला बुडीत मजुरीही दिली जाते. ही बुडीत मजुरी उसाच्या फडातल्या मजुरीची बरोबरी करत नाही आणि मुकादम चौदा दिवस थांबायला सहजासहजी तयार होत नाही, हे मान्यच आहे. अशा वेळी नवऱ्याने इतरांबरोबर पुढे जावे आणि आई-मूल मागून जावेत, अशी तडजोड पाड्यावरील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून मुकादमाशी बोलून घडवता येते. सरकारी माणसाने दटावून ती सहसा घडत नाही.

मूल पिवळ्यातच राहिले, तर निघेपर्यंतचे दिवस वाया घालवू नका. पाड्यावर ग्राम बाल विकास केंद्र चालू असेल तर तेथे त्याला दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खायला देण्याची सोय असते. आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून चालू असलेल्या भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. ती याच मुलाच्या पोटात जातात की घरी नेऊन चौघांत वाटली जातात, एवढे पाहा. आजीला दोष देऊ नये. चार मुले समोर असताना एकालाच अंडे देणे कोणत्याही आजीला जड जाते. ते अंगणवाडीतच खाऊ घातले की प्रश्न मिटतो.

मग जाण्याची तयारी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणारा पूरक आहार मिळण्याचा हक्क आहे, तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने. हा हक्क कायद्याने देशभर आहे. त्यात गावाची अट नाही, त्यामुळे बारडोलीकडील अंगणवाडीलाही हे मूल नाकारता येत नाही. तेथे तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘बालशक्ती’ आणि गरोदर व स्तनदा मातांसाठी ‘मातृशक्ती’ या नावाची पाकिटे मिळतात. ही नावे आईला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे अंगणवाडीच्या दारात उभे राहून काय मागायचे हे तिला कळेल. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ऑनलाइन प्रणालीवरील नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवता येते. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागानेही २०२१ मध्ये स्थलांतरित लाभार्थ्यांचा माग ठेवणारी प्रणाली काही जिल्ह्यांत सुरू केली होती. तेव्हा सेविकाताईंनी ‘स्थलांतरित’ अशी खूण करून थांबू नये. आईचा आधार क्रमांक आणि चालू असलेला मोबाईल क्रमांक नोंदीत बरोबर आहे का ते तपासावे. बहुतेक अडचणी येथेच निघतात: मोबाईल क्रमांक बंद पडलेला असतो किंवा तो दिराचा असतो आणि दीर सौराष्ट्रात कापूस वेचायला गेलेला असतो.

यंत्रणेविषयी एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. दिवाळीनंतर पाड्यांवरील तीव्र कुपोषित मुलांची यादी आक्रसते आणि ज्येष्ठ-आषाढात ती पुन्हा फुगते. मधल्या काळात मुले सुधारलेली नसतात, ती फक्त यादीबाहेर गेलेली असतात. मासिक अहवालात मात्र हा आकडा सुधारणेसारखाच दिसतो आणि आढावा बैठकीत त्यावर कोणी बोट ठेवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. नंदुरबारमध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. अशा जिल्ह्यात ‘स्थलांतरित’ या शब्दाआड मुले हरवू देणे परवडणारे नाही. म्हणून मी माझ्या बीटमधील, म्हणजे माझ्या देखरेखीखालील अंगणवाड्यांच्या, सेविकांना स्थलांतरितांची वही वेगळी ठेवायला लावत असे. त्या वहीत मुलाचे निघतानाचे वजन, उंची आणि दंडघेर, कोणत्या भागात गेले, मुकादमाचा क्रमांक आणि परतण्याचा अंदाज एवढेच लिहायचे. ऑनलाइन नोंदीला ती वही पर्याय होत नव्हती, पण मूल परत आले तेव्हा त्याचे काय झाले हे मात्र त्याच वहीतून कळत असे.

अंगणवाडी पडावापासून, म्हणजे तोडकऱ्यांच्या मुक्कामाच्या तळापासून, लांब असेल तर काय, हा खरा पेच आहे. उसाच्या फडात काम पहाटेच्या अंधारात सुरू होते. बाई मोळ्या बांधते, मूल पाचटावर नाहीतर ताडपत्रीच्या झोपडीत असते आणि दुपारपर्यंत त्याच्या तोंडात काल रात्रीच्या भाकरीच्या तुकड्याशिवाय काही जात नाही. कोणतीही योजना ही पहाट ते दुपारची वेळ भरून काढत नाही, आणि माझ्या मते कुपोषण वाढते ते याच वेळेत. पाळणाघराचे धोरण कागदावर आहे, पण पडाव दर काही आठवड्यांनी हलतो आणि पाळणाघर हलत नाही. म्हणून आईबरोबर बसून ‘या मुलाला सकाळी कोण आणि काय खाऊ घालणार’ हे ठरवून द्यावे लागते. भाजलेल्या डाळीचे आणि मक्याचे किंवा गव्हाचे पीठ, त्यात शेंगदाण्याचे बारीक कूट आणि गूळ असा कोरडा डबा घरून भरून नेता येतो. गरम पाण्यात कालवून वर चमचाभर तेल घातले की वाटीभर खाणे तयार होते. शेंगदाणे अख्खे देऊ नयेत, या वयात ते घशात अडकतात. पाणी उकळून घेण्याविषयी आणि जीवनरक्षक क्षार-साखर पाण्याविषयी सांगाच. क्षारसंजीवनीची आणि जस्ताच्या गोळ्यांची पाकिटे आशाताईंकडून मागून आईच्या पिशवीत घाला, कारण पडावावर मूल खचते ते बहुधा हगवणीने.

लसीकरणाचे सोपे आहे. अडीच वर्षांच्या मुलाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा बूस्टर झाला आहे का, दर सहा महिन्यांनी द्यायचा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस कधी येतो आणि जंतनाशक गोळी झाली का, हे माता-बाल संरक्षण कार्डावर पाहून उरलेले निघण्याआधी उरकून घ्यावे. गुजरातेत लसीकरणाच्या ग्राम आरोग्य दिवसाला ‘ममता दिवस’ म्हणतात, हे आईला माहीत असू द्या.

एक तपासणी मात्र आपल्या जिल्ह्यात कधीही वगळू नये, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार आढळतो. कष्ट, उन्हात शरीरातील पाणी कमी होणे आणि ताप यांनी त्याच्या वेदना उसळतात, आणि ऊसतोडीत हे तिन्ही एकत्र येतात. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून शून्य ते चाळीस वर्षे वयोगटाची तपासणी त्यात मोफत होते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून केवळ मुलांची नव्हे, दोघा पालकांचीही तपासणी करून घ्या आणि मिळालेले कार्ड जपून ठेवायला सांगा. मूल आजारग्रस्त निघाले तर त्याने फडावर न जाता आजीपाशी राहावे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता आईविषयी. पाच महिने झाले आहेत म्हणजे बाळंतपण हंगामाच्या उत्तरार्धात, होळीच्या आगेमागे येईल. आपल्याकडची माणसे होळीसाठी कोठूनही येतातच, त्यामुळे ‘होळीला येऊ तेव्हा बघू’ असे उत्तर मिळते. ते मान्य करू नका, कारण नववा महिना लागल्यावर उसाच्या ट्रकमधून किंवा खचाखच भरलेल्या जीपमधून केलेला प्रवास धोक्याचा असतो. तिने आठव्या महिन्यात घरी यावे किंवा बाळंतपण तेथेच कोणत्या सरकारी रुग्णालयात करायचे ते आत्ताच ठरवावे. परत येणार असेल तर आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ ही सोय आहे. प्रसूतीच्या तारखेआधी काही दिवस तेथे येऊन राहता येते, सोबतीला कोणाला आणता येते आणि जेवणही मिळते. तेथेच राहणार असेल तर २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत असते. हा केंद्राचा कार्यक्रम असल्याने गुजरातेतही तो लागू आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत बोलावता येते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर स्त्रियांची तपासणी होते. बाईला बाकी काही लक्षात राहिले नाही तरी ही एक तारीख राहते, म्हणून ती सांगाच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतील तेवढ्या बरोबर द्या आणि निघण्याआधी हिमोग्लोबिन, रक्तदाब व रक्तगट यांची कार्डावर नोंद करून घ्या.

रोख रकमेच्या योजनांबाबत या कुटुंबाची फारशी आशा वाढवू नये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात आणि दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये. येणारे बाळ तिसरे असल्यामुळे ते या योजनेत बसत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठीची लेक लाडकी योजना, जिच्यात टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात, तीही पहिल्या दोन अपत्यांभोवती आखलेली आहे. जननी सुरक्षा योजनेतून मात्र अपत्यसंख्येची अट २०१३ मध्ये निघाली, त्यामुळे संस्थेत प्रसूती झाली तर अनुसूचित जमातीच्या मातेला ग्रामीण भागातील ७०० रुपये मिळू शकतात. घरात तिसरे मूल येते तेव्हाच ताटातला वाटा सर्वांत लहान होतो, आणि नेमके त्याच वेळी योजनांचा हात आखडतो. कुटुंब मर्यादित राहावे हा हेतू मला समजतो. पण जन्मलेल्या बाळाने ती अट मोडलेली नसते, आणि या अटीमुळे पाड्यावर कोणी दोन मुलांवर थांबल्याचे मी पाहिलेले नाही. आहार, लस आणि उपचार यांना ही अट नाही, एवढे तरी घराला नीट सांगा. ‘तिसऱ्याला काहीच मिळत नाही’ असा समज पसरला की बाई अंगणवाडीत नाव नोंदवायलाच येत नाही.

जन्म गुजरातेत झाला तर त्याची नोंद तेथेच होईल. जन्म जेथे झाला तेथील निबंधकाकडे २१ दिवसांच्या आत विनाशुल्क नोंद करायची असते. घरी परतल्यावर आपल्या ग्रामपंचायतीत ती नोंद होत नाही, आणि वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तेव्हा रुग्णालयातून सुटी मिळतानाच दाखल्याची चौकशी करावी आणि त्यावर आईबापांची नावे आधार कार्डाप्रमाणे आली आहेत का ते एखाद्या वाचता येणाऱ्याकडून पाहून घ्यावे. गुजरातीत लिहिलेले आडनाव चुकले तर ते दुरुस्त करायला पुन्हा त्याच गावी जावे लागते.

थोरल्या मुलीविषयी माझे मत स्पष्ट आहे: आजी तयार असेल तर तिला ठेवून घ्यावे. नऊ-दहा वर्षांची मुलगी पडावावर गेली की धाकट्याला सांभाळण्याचे, पाणी भरण्याचे आणि चूल पेटवण्याचे काम तिच्याकडे येते, मग शेजारी शाळा असली तरी ती तिची राहत नाही. शिवाय इथे शाळेत तिला दुपारचे जेवण मिळते. प्राथमिक वर्गांसाठी १०० ग्रॅम धान्याचे, ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे. सकाळ-संध्याकाळच्या जेवणासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीने मागे राहणाऱ्या मुलांची यादी करून प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत पाठवायचा असतो. मंजुरी मिळेलच असे नाही आणि ती अनेकदा हंगाम निम्मा सरल्यावर येते. तरीही प्रस्ताव द्या, कारण यादीच गेली नाही तर पाड्यावर अशी मुले आहेत हेच वर कळत नाही. आश्रमशाळेचा विचार जूनसाठी ठेवा आणि त्यासाठी तळोदा किंवा नंदुरबार, जे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय तुमच्या गावाला लागू असेल तेथे वेळेत अर्ज करा. या वयाच्या मुलीला वर्षाच्या मध्यात आईपासूनही तोडायचे आणि गावापासूनही, हे मला योग्य वाटत नाही.

मुलीला नेलेच, तरी शाळेतून नाव कमी होण्याची भीती घालू नका आणि नाव कमी करूही नका. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबातील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आणि कलम ४ प्रमाणे मधल्या काळात मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. महाराष्ट्रात यासाठी शिक्षण हमी कार्ड दिले जाते. त्यावर मुलीची इयत्ता, ओळख क्रमांक आणि तिला काय येते हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा. ‘वाचन समाधानकारक’ असे न लिहिता ‘मराठी परिच्छेद अडखळत वाचते, दोन अंकी हातच्याची वजाबाकी येते’ असे लिहिले तर परतल्यावर तुमच्याच उपयोगाला येईल. गुजरातेत समग्र शिक्षा अभियानातून स्थलांतरितांच्या मुलांसाठी तंबूतील वर्ग आणि हंगामी वसतिगृहे चालवली जातात. तेथे शिकवण्याची भाषा मात्र गुजराती असते. सुरत शहरात महापालिकेच्या मराठी शाळा आहेत आणि आपल्या खान्देशातली पुष्कळ मुले तेथे शिकली, पण उसाच्या फडापासून त्या लांब पडतात. पुढच्या वर्षी ती पाचवीत जाईल हेही ध्यानात असू द्या. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, पुनर्परीक्षेची संधी असली तरी अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात थांबवता येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परतणाऱ्या मुलांना या नियमाचा सर्वाधिक फटका बसतो, आणि नियम करणाऱ्यांच्या मनात ही मुले असावीत असे त्यात कोठे दिसत नाही.

उरला रेशनचा प्रश्न. तो पाड्यावर वाटतो तितका अवघड राहिलेला नाही. एक देश एक रेशन कार्ड योजनेची सुरुवातच ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांच्या जोड्यांपासून झाली, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात ही एक जोडी होती. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पडावाजवळच्या रास्त भाव दुकानात कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक सांगून यंत्रावर अंगठा दिला की हे धान्य उचलता येते. आजी त्याच कार्डावर असेल तर काही धान्य तेथे आणि उरलेले येथे, असे विभागूनही घेता येते. त्यासाठी कार्डावरील सर्वांची आधार जोडणी आणि ई-केवायसी पूर्ण असली पाहिजे. आजीचा अंगठा उमटत नसेल तर त्याची तजवीज तलाठी किंवा पुरवठा कार्यालयात आत्ताच करून ठेवा, नाहीतर मुलगी मागे राहील आणि धान्य यंत्रात अडकून पडेल. घरात कार्ड एकच असल्यामुळे कोणी किती उचलायचे हे मायलेकरांनी आपसांत ठरवून घ्यावे. मुलाने तिकडे सगळे धान्य उचलले आणि आजी दुकानातून रिकाम्या हाताने परतली, अशी भांडणे मी मिटवलेली आहेत. लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यात येत असतील तर त्यातील काही आजीच्या हातात पडण्याची सोय करून जा, एवढे आईला सांगा.

सर्व कागदांच्या दोन-दोन छायाप्रती काढून एक संच आजीपाशी ठेवावा आणि दुसरा मूळ माता-बाल संरक्षण कार्डासह प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत बांधून आईने कपड्यांच्या गाठोड्यात न ठेवता धान्याच्या डब्यात ठेवावा. पडावावर दवाने आणि पाण्याने गाठोडी भिजतात, धान्याचा डबा मात्र प्रत्येक बाई कोरडा राखते. त्याबरोबर तुम्ही आणि सेविकाताईंनी सही-शिक्क्याचे एक पत्र द्यावे. त्यात मुलाचे नाव, वय, शेवटचे वजन, उंची, दंडघेर, आईचा महिना आणि तुमचा फोन क्रमांक असावा, आणि ते साध्या हिंदीत लिहावे, म्हणजे तेथील आशा किंवा अंगणवाडी सेविका वाचू शकेल. तेथे कोणी दाद दिली नाही तर तुम्ही येथून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना कळवा. त्यांनी तिकडच्या प्रकल्पाशी बोलणे हे कामाचा भाग म्हणून अपेक्षित आहे. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात कुटुंब परतले की त्याच दिवसांत सेविकाताईंनी मुलाचा दंडघेर पुन्हा घ्यावा. होळीनंतर त्यांना पुन्हा दोन महिने जायचे असेल आणि पट्टी लाल दाखवत असेल, तर धाकट्यानेही या वेळी आजीपाशी किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात राहावे, हे बोलणे त्या आठवड्यात करावे लागेल.